नागरी सुविधांची कार्यविभागणी

नागरी सुविधांची कार्यविभागणी : शहरातील पाणीपुरवठा, मलनिःसारण, रस्ते, दिवाबत्ती, सफाई, जन्ममृत्युनोंदणी इ. सुविधांची जबाबदारी स्थानिक संस्थेची निरनिराळी खाती आणि तिच्या बाहेरील शासकीय, निमशासकीय व खाजगी यंत्रणा यांच्यात वाटून देण्याची पद्धती. एखादी सुविधा खंडित झाली किंवा एखादा दाखला अथवा परवाना हवा असला, म्हणजे नागरिकाने कोणाकडे जावे, हे या विभागणीवरून ठरते. ही विभागणी मुख्यतः तीन गोष्टींवर आधारलेली असते : मालमत्ता कोणाची, हद्द कोणाची आणि कोणत्या कायद्याखाली काम चालते. नागरिकाची अडचण मात्र अशी विभागून येत नाही. रस्त्यावर साचलेले पाणी त्याच्या दृष्टीने एकच असते. प्रशासनाच्या दृष्टीने ते जलवाहिनीचे, मलवाहिनीचे की पावसाचे, यावर त्याचे खाते बदलते. भारतातील मोठ्या शहरांपैकी मुंबईत ही गुंतागुंत विशेषत्वाने आढळत असल्यामुळे पुढील विवेचन प्रामुख्याने मुंबईस अनुलक्षून केले आहे.

कायदेशीर आधार : मुंबईत १८६५ च्या अधिनियमान्वये नगरपालिका आयुक्ताचे पद निर्माण झाले व आर्थर क्रॉफर्ड हे पहिले आयुक्त झाले. १८७२ च्या अधिनियमाने तेथे लोकनियुक्त सभासद असलेली संस्था आली आणि १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने तिला आजचे मूळ स्वरूप दिले. या अधिनियमात कर्तव्यांचे दोन वर्ग केले आहेत. सार्वजनिक रस्त्यांची झाडलोट व दिवाबत्ती, मलनिःसारण, पाणीपुरवठा, जन्ममृत्यूंची नोंद, आग विझविणे इ. आवश्यक कर्तव्ये कलम ६१ मध्ये, तर उद्याने, ग्रंथालये यांसारखी ऐच्छिक कर्तव्ये कलम ६३ मध्ये दिली आहेत. राज्यातील इतर महानगरपालिका मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ (पुढे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम या नावाने रूढ) याखाली चालतात व त्यातही असाच द्विविध भेद आहे. नगरपरिषदांना १९६५ चा स्वतंत्र अधिनियम लागू असून तेथे कार्यकारी प्रमुख हा मुख्याधिकारी असतो. संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीने (१९९२) जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे सोपवावयाचे १८ विषय नमूद केले आहेत. तथापि विषय सोपविणे न सोपविणे राज्य विधानमंडळावर अवलंबून असल्याने प्रत्यक्षात अनेक कामे स्वतंत्र प्राधिकरणांकडेच राहिली. नागरिकाची गैरसोय होण्याचे हे एक मूळ कारण होय.

विभाग, प्रभाग व खाते : या तीन शब्दांचा घोटाळा नेहमी होतो आणि तो काही अंशी भाषेतच आहे. सामान्य व्यवहारात ‘विभाग’ म्हणजे एखाद्या कचेरीची कार्यशाखा. मुंबई महानगरपालिकेच्या परिभाषेत मात्र विभाग म्हणजे शहराचा प्रशासकीय भाग (बोलीत ‘वॉर्ड’) आणि कार्यशाखेला ‘खाते’ म्हणतात. प्रभाग म्हणजे ज्यातून एक नगरसेवक निवडून येतो तो मतदारसंघ. मुंबईत २२७ प्रभाग आहेत. प्रशासकीय विभाग दीर्घ काळ २४ होते व पुढे मालाडच्या पी/उत्तरसारख्या मोठ्या विभागांचे विभाजन हाती घेण्यात आले. विभागांना ‘ए’ पासून ‘टी’ पर्यंत रोमन अक्षरे दिलेली असून काहींचे पूर्व-पश्चिम वा उत्तर-दक्षिण असे पोटभाग आहेत. उदा., दादरचा पश्चिम भाग जी/उत्तरमध्ये, वरळी जी/दक्षिणमध्ये, परळ एफ/दक्षिणमध्ये मोडते. ही अक्षरे कुलाब्याकडून उत्तरेकडे वाढत गेलेल्या शहराचा मागोवा घेतात. १९५० मध्ये वांद्रे, अंधेरी, कुर्ला इ. उपनगरे आणि १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंतची विस्तारित उपनगरे महानगरपालिकेच्या हद्दीत आली. इतरत्र नावे निराळी आहेत. पुण्यात क्षेत्रीय कार्यालये, नागपुरात ‘झोन’, नासिकमध्ये विभागीय कार्यालये, तर ठाण्यात प्रभाग समितीच्या नावानेच ओळखली जाणारी कार्यालये आहेत. एका शहरातून दुसऱ्यात आलेल्या माणसाला हा शब्दसंग्रह नव्याने शिकावा लागतो.

प्रत्येक विभाग कार्यालयाचा प्रमुख सहायक आयुक्त असतो. त्याच्या कार्यालयात परिरक्षण, इमारत व कारखाने, जलकामे, घनकचरा व्यवस्थापन, सार्वजनिक आरोग्य, करनिर्धारण व संकलन, अनुज्ञापन, उद्यान, कीटकनाशक, दुकाने व आस्थापना इ. खात्यांचे अधिकारी बसतात. यांतील बहुतेकांवर दुहेरी नियंत्रण असते. दैनंदिन कामापुरते ते सहायक आयुक्ताच्या अधीन असतात, पण त्यांच्या खात्याचा प्रमुख (उदा., जल अभियंता, उद्यान अधीक्षक) वेगळ्या ठिकाणी असतो. सर्वसाधारणपणे लहान, नित्याची व स्थानिक कामे विभाग कार्यालयाकडे आणि मोठी, खर्चिक व अनेक विभागांतून जाणारी कामे मध्यवर्ती खात्याकडे असतात. गल्लीतील गटाराची सफाई विभागाकडून होते. मोठा नाला पर्जन्य जलवाहिन्या खात्याकडे, तर पूल हे पूल खात्याकडे असतात. एकाच विषयाचे दोन टप्पेही दोन खात्यांत पडू शकतात. नव्या इमारतीच्या आराखड्यास मंजुरी इमारत प्रस्ताव खाते देते, परंतु विनापरवाना बांधकामाविरुद्धची तक्रार विभाग कार्यालयातील इमारत व कारखाने खात्याकडे करावी लागते. फेरीवाल्याला परवाना देणारे अनुज्ञापन खाते आणि पदपथावरील अतिक्रमण हटविणारे पथक यांचेही तसेच.

पाणी व मलनिःसारण : तक्रार चुकीच्या खात्याकडे जाण्याचा संभव येथे सर्वाधिक असतो, कारण मुंबईत रस्त्याखाली तीन स्वतंत्र जाळी आहेत. जल अभियंता खात्याच्या जलवाहिन्या विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, भातसा, ऊर्ध्व वैतरणा व मध्य वैतरणा या सात जलाशयांचे पाणी आणतात. मलनिःसारण खात्याच्या मलवाहिन्या घरांतील सांडपाणी वाहून नेतात. पर्जन्य जलवाहिन्या खात्याची गटारे व नाले पावसाचे पाणी समुद्राकडे नेतात. रस्त्यावर पाणी वाहताना दिसले, तर ते कोणत्या जाळ्यातील हे ओळखण्याची एक साधी खूण आहे. मुंबईत बहुतेक भागांत पाणीपुरवठा ठराविक वेळीच होतो. त्या वेळेतच पाणी वाहत असेल आणि एरवी थांबत असेल, तर गळती जलवाहिनीची असण्याची शक्यता मोठी. सदैव वाहणारे, दुर्गंधीयुक्त पाणी मलवाहिनी तुंबल्याचे दर्शविते. शंका राहिल्यास अभियंते पाण्यातील क्लोरिनचा अंश तपासतात. तो आढळला, तर पाणी पिण्याच्या पाण्याच्या वाहिनीतून आलेले असते.

नळाला गढूळ वा दुर्गंधीयुक्त पाणी येऊ लागणे ही याहून गंभीर बाब होय. पुरवठा बंद असताना जलवाहिनीतील दाब नाहीसा होतो आणि तिच्या फटीतून शेजारच्या तुंबलेल्या मलवाहिनीतील पाणी आत शिरू शकते. म्हणजे दोष दोन खात्यांच्या वाहिन्यांत असतो आणि परिणाम तिसऱ्या, म्हणजे आरोग्य खात्याच्या कक्षेत येतो. अशा वेळी जलकामे खात्याला कळविण्याबरोबरच विभागाच्या आरोग्य अधिकाऱ्याला कळविणे इष्ट ठरते. कारण पाण्याचे नमुने तपासणे व कावीळ, अतिसार यांसारख्या रोगांवर लक्ष ठेवणे त्याच्याकडे असते. मुख्य जलवाहिनीपासून इमारतीपर्यंत आलेली जोडणी आणि इमारतीतील नळ व टाक्या यांची देखभाल मालकाने वा गृहनिर्माण संस्थेने परवानाधारक नळ कारागिराकडून (प्लंबर) करून घ्यावयाची असते. खात्याचा अभियंता ‘हे आमच्याकडे येत नाही’ असे सांगतो, तेव्हा तो नेहमीच टोलवाटोलवी करीत असतो असे नाही.

पर्जन्यजलाच्या बाबतीत हद्दीचा प्रश्न अधिक आहे. मुंबईची जुनी गटारव्यवस्था ताशी सु. २५ मिमी. पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस झाला आणि मिठी नदीच्या पुराने मोठी जीवितहानी झाली. त्यानंतर मिठी नदीच्या रुंदीकरणाचे काम हाती घेण्यात आले. सु. १८ किमी. लांबीच्या या नदीच्या वरच्या सु. १२ किमी. भागाचे काम महानगरपालिकेकडे आणि वांद्रे-कुर्ला संकुलाजवळील खालच्या सु. ६ किमी. भागाचे काम मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे देण्यात आले. लोहमार्गाखालून जाणारे नाले स्वच्छ करताना रेल्वेची संमती व सहकार्य लागते. पाणी मात्र या सर्व हद्दी ओलांडून जाते.

रस्ते व पूल : शहरातील बहुतेक सार्वजनिक रस्ते महानगरपालिकेचे असले, तरी सर्व नाहीत. पूर्व व पश्चिम द्रुतगती महामार्ग २०२२ मध्ये महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून महानगरपालिकेकडे वर्ग करण्याचा निर्णय झाला. तोपर्यंत त्यांवरील खड्ड्यांची तक्रार महानगरपालिकेकडे करणारा नागरिक चुकीच्या दारी जात असे. मुंबई बंदराच्या जमिनीवरील रस्ते बंदर प्राधिकरणाचे, स्थानकाच्या आवारातील रेल्वेचे, तर काही वसाहतींतील अंतर्गत रस्ते म्हाडाचे वा खाजगी मालकीचे आहेत. सिग्नलच्या दिव्यांची उभारणी व दुरुस्ती महानगरपालिका करते, वाहतुकीचे नियमन मात्र राज्य शासनाचे वाहतूक पोलीस करतात. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे व उघड्या मनुष्यप्रवेशिका (मॅनहोल) यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. त्यामुळे रस्ता कोणाच्या ताब्यात आहे, या प्रश्नाला आर्थिक महत्त्वही आले आहे.

लोहमार्गावरील पुलांच्या बाबतीत ही अनिश्चितता जिवावर बेतू शकते. असा पूल बहुधा दोघांचा असतो : रुळांवरील भाग रेल्वेच्या हद्दीत व दोन्ही बाजूंचे पोचमार्ग महानगरपालिकेचे. ३ जुलै २०१८ रोजी अंधेरी येथील गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला, तेव्हा देखभालीची जबाबदारी कोणाची यावर रेल्वे व महानगरपालिका यांच्यात वाद झाला. १४ मार्च २०१९ रोजी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस स्थानकाबाहेरील पादचारी पूल कोसळून जीवितहानी झाली. तेव्हाही पूल कोणाचा हा प्रश्न प्रथम उपस्थित झाला. तो महानगरपालिकेचा होता. ज्या वास्तूचा मालक दुर्घटनेनंतर शोधावा लागतो, तिच्या तडा गेलेल्या फरशीबद्दल आधी कोणी कोणाकडे तक्रार करावयाची, हे पादचाऱ्याला कळणे शक्य नसते. गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद करून नव्याने बांधण्यात आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची एक बाजू खुली झाली, तेव्हा तो आणि त्याला लागून असलेला बर्फीवाला उड्डाणपूल यांच्या उंचीत मीटरभराहून अधिक फरक पडल्याचे दिसून आले. लोहमार्गावरील भागाची उंची वाढवावी लागली होती, जुना उड्डाणपूल मात्र पूर्वीच्याच पातळीवर होता. दोन्ही पूल पुढे जोडण्यात आले.

वीज, वृक्ष व इमारती : विजेचा पुरवठा मुंबई शहरात (कुलाब्यापासून माहीम व शीवपर्यंत) बेस्ट उपक्रम करतो. हा उपक्रम १९४७ पासून महानगरपालिकेचा असला, तरी त्याचा कारभार व तक्रारव्यवस्था स्वतंत्र आहेत. उपनगरांत अदानी व टाटा या कंपन्या आणि भांडुप-मुलुंड भागात महावितरण कंपनी वीज पुरविते. रस्त्यावरील दिवा बंद पडल्यास त्याची दुरुस्तीही त्या त्या भागातील वीज पुरवठादारच करतो. दिवाबत्ती हे महानगरपालिकेचे आवश्यक कर्तव्य असल्यामुळे अनेक जण प्रथम विभाग कार्यालय गाठतात. झाडांना १९७५ चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) वृक्षसंरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. खाजगी आवारातील झाडाची फांदी छाटण्यासही उद्यान खात्याची परवानगी लागते. कोसळलेल्या झाडाखाली कोणी अडकले असेल, तर मात्र अर्ज नव्हे, अग्निशमन दल.

मुंबई शहरातील जुन्या भाड्याच्या इमारतींची व्यवस्था स्वतंत्रच आहे. ३० सप्टेंबर १९६९ पूर्वी बांधलेल्या ज्या इमारतींवर दुरुस्ती उपकर आकारला जातो, त्या उपकरप्राप्त इमारती होत. उपकर महानगरपालिका मालमत्ता करासोबत गोळा करते, पण दुरुस्ती म्हाडाचे मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ करते. पावती महानगरपालिकेची असल्यामुळे खचलेल्या जिन्याची तक्रारही तिच्याकडे जाते आणि तेथून भाडेकरूला मंडळाकडे पाठविले जाते. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील इमारतींच्या बांधकामास परवानगी देण्याचा अधिकार झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाकडे आहे. त्याचप्रमाणे मालमत्ता कर महानगरपालिकेकडे, जमिनीचा महसूल जिल्हाधिकाऱ्याकडे आणि मिळकत पत्रिका नगर भूमापन कार्यालयात, अशी एकाच घराची कागदपत्रे तीन ठिकाणी असतात.

नोंदी व दाखले : येथे खात्यापेक्षा ठिकाण महत्त्वाचे. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये नोंद घटना जेथे घडली तेथे होते, कुटुंब जेथे राहते तेथे नव्हे. बोरिवलीतील कुटुंबाचे मूल परळच्या के. ई. एम. रुग्णालयात जन्मले, तर नोंद एफ/दक्षिण विभागात होते. बाळंतपणासाठी माहेरी गेलेल्या स्त्रीच्या अपत्याची नोंद माहेरच्या गावी असते व पुढे शाळाप्रवेशाच्या वेळी ती सासरच्या शहरात शोधली जाते. नेहमीची मुदत २१ दिवसांची आहे. विवाहाचेही दोन मार्ग आहेत. धार्मिक वा रूढ पद्धतीने झालेल्या विवाहाची नोंद १९९८ च्या राज्य अधिनियमाखाली महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयात होऊ शकते; विशेष विवाह अधिनियम, १९५४ खालील विवाह मात्र राज्य शासनाच्या विवाह अधिकाऱ्यासमोरच होतो. शिधापत्रिकेचा महानगरपालिकेशी संबंध नाही. तिच्यासाठी शिधावाटप कार्यालय असते.

कटकमंडळांच्या शेजारी राहणाऱ्यांना हद्दीचा अनुभव रोजचा असतो. पुण्यात लष्कर भाग व खडकी येथे, तसेच नासिकजवळ देवळाली येथे कटकमंडळे असून ती केंद्रीय कायद्याखाली चालतात. रस्त्याच्या एका कडेचा कचरा महानगरपालिकेचा व दुसऱ्या कडेचा मंडळाचा, असा प्रकार तेथे घडू शकतो.

तक्रारनिवारणाची साधने : पूर्वापार या गुंत्यातून वाट काढून देणारा माणूस म्हणजे नगरसेवक. कोणत्या कामाला कोणता अभियंता, हे त्याच्या कार्यालयाला ठाऊक असे, आणि प्रभागाच्या फलकावरील त्याचे नाव हीच पुष्कळांच्या दृष्टीने महानगरपालिकेची ओळख होती. मार्च २०२२ मध्ये मुंबई महानगरपालिकेची मुदत संपली व नंतर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे राहिला. त्या काळात नागरिकांना थेट खात्यांशी गाठ घालावी लागली व माजी नगरसेवकांची कार्यालये अनधिकृतपणे जुनेच काम करीत राहिली.

दुसरे साधन एकच दूरध्वनी क्रमांकाचे. अमेरिकेतील बॉल्टिमोर शहराने १९९६ मध्ये तातडीच्या नसलेल्या तक्रारींसाठी ३११ हा क्रमांक सुरू केला व न्यूयॉर्कने २००३ मध्ये त्याचा अवलंब केला. खाते शोधण्याचे काम नागरिकाकडून काढून दूरध्वनी घेणाऱ्या कर्मचाऱ्याकडे देणे, ही त्यामागील कल्पना. मुंबईत १९१६ हा क्रमांक नागरी तक्रारी व आपत्कालीन मदत या दोहोंसाठी आहे. तक्रारीसोबत विभागाचे अक्षर, जवळची ठळक खूण व (दिव्याची तक्रार असल्यास) खांबावरील क्रमांक दिल्यास ती योग्य ठिकाणी लवकर पोहोचते. मिळालेला तक्रार क्रमांक जपून ठेवणे आवश्यक असते.

दाखले व परवान्यांसाठी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ महत्त्वाचा आहे. यानुसार प्रत्येक अधिसूचित सेवेसाठी पदनिर्देशित अधिकारी, मुदत व दोन अपिलीय अधिकारी जाहीर करावे लागतात. दुसऱ्या अपिलानंतर राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे जाता येते व दोषी अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ६ (३) मधील तरतूद याहूनही बोलकी आहे. अर्ज चुकीच्या प्राधिकरणाकडे आला, तर त्या प्राधिकरणाने तो पाच दिवसांच्या आत योग्य प्राधिकरणाकडे पाठवून अर्जदारास तसे कळवावयाचे असते. कोणाकडे जावे हे न कळणे हा नागरिकाचा दोष नव्हे, असे या कायद्याने मान्य केले आहे. ही तरतूद माहितीच्या अर्जांपुरतीच आहे. गळक्या वाहिनीची वा तुटलेल्या झाकणाची तक्रार ‘संबंधित खात्याकडे वर्ग’ असा शेरा मारून निकाली काढली गेली, तर पुढे तिचा पाठपुरावा करण्याचे काम तक्रारदारावरच येऊन पडते.